शिक्षणशास्त्रातली पीएच.डी.: खटकवहीपासून सिनॉप्सिसपर्यंत

लॉ कॉलेज चौकातल्या टपरीवर दरवर्षी कोणी ना कोणी मला गाठतंच. एम.एड. झालेलं असतं, नेट निघालेली असते, हातात चहाचा कप असतो. "सर, एखादा टॉपिक सांगा ना. लवकर होणारा." 'लवकर होणारा' हे शब्द जरा आवाज खाली करून येतात.

मी टॉपिक सांगत नाही. मलाही एकदा असाच कोणीतरी सांगितला होता: 'नागपूर जिल्ह्यातील माध्यमिक स्तरावरील विद्यार्थ्यांच्या गणित विषयाबाबतच्या अभिवृत्तीचा लिंग व परिसरानुसार तुलनात्मक अभ्यास'. शीर्षक दमदार होतं. आग्र्याहून अभिवृत्ती मापिका मागवायची, शहरातल्या दहा आणि ग्रामीण दहा शाळांत वाटायची, 'टी' (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारं मूल्य) काढायचा, पाच प्रकरणं बांधायची. पाच महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की मुलींची सरासरी दोन गुणांनी जास्त निघाली काय नि कमी निघाली काय, मला त्याचं काहीच वाटणार नव्हतं. उत्तराची उत्सुकताच नव्हती. यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कोर्सवर्क धरून किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात. इतका काळ उत्सुकतेशिवाय काढणं म्हणजे मे महिन्यात कूलरशिवाय नागपुरात राहणं. राहता येतं, पण राहू नये.

हा लेख प्रवेशाच्या आगेमागे असलेल्यांसाठी आहे, म्हणजे विषय अजून कच्चा आहे आणि आराखडा (सिनॉप्सिस) द्यायचा आहे अशांसाठी. उदाहरण म्हणून मी एकच प्रश्न शेवटपर्यंत घेऊन जाणार आहे. दुसरीतलं मूल 'बावन्न' ऐकून २५ का लिहितं? तुमचा प्रश्न वेगळा असेल. तो याच वाटेने नेऊन बघा.

पहिली पायरी: खटकवही

एक साधी वही घ्या. शाळेत, बसमध्ये, शिक्षकांच्या खोलीत, पालकसभेत जे जे खटकलं ते त्याच दिवशी लिहा. तारीख, ठिकाण, कोण काय म्हणालं आणि आपल्याला काय खटकलं, बस. बंधन एकच: 'ताणतणाव', 'समायोजन', 'जाणीवजागृती' असले शब्द या वहीत येऊ द्यायचे नाहीत. ते विषयांची नावं आहेत, आणि विषयाचं नाव लिहिलं की माणूस बघणं थांबवतो. वहीत फक्त घडलेलं यावं.

माझ्या जुन्या वहीतल्या काही नोंदी सांगतो, म्हणजे चव कळेल. संत्र्याच्या तोडीच्या दिवसांत काटोल-नरखेडकडच्या वर्गात नेमक्या कोणाच्या जागा रिकाम्या असतात? हिवाळी अधिवेशनाच्या काळात विनाअनुदानित शाळांचे शिक्षक यशवंत स्टेडियमपाशी मोर्चात बसलेले दिसतात. त्या दिवशी त्यांच्या वर्गावर कोण असतं? आरटीईच्या २५ टक्क्यांचा, म्हणजे खासगी शाळांतल्या राखीव जागांचा, अर्ज भरताना सायबर कॅफेतला पोरगा पालकांना विचारतो, "घर नकाशावर कुठं टाकू?" शाळेपासूनच्या अंतरावर प्रवेश ठरतो, आणि अंतर त्या पोराच्या बोटाखाली आहे. सेमी-इंग्रजीच्या वर्गात बाई 'डिनॉमिनेटर' म्हणतात आणि श्वास न घेता 'म्हणजे छेद' म्हणतात. मुलं यातलं काय लिहून घेतात?

आणि ही एक. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई पाटी दाखवत म्हणाल्या, "काय करू सर, हे पोट्टं बावन म्हटलं का पंचवीस लिवते. अन् वाचाले देलं तं बरोबर वाचते!"

सहा आठवडे वही चालवा. मग वाचून काढा आणि ज्या नोंदी तुम्ही कोणी न विचारता घरी, मित्रांना, रिक्षावाल्याला सांगितल्या असतील त्यांवर खूण करा. माझ्या बाबतीत तो पाटीवरचा २५ होता. मी तो इतक्यांना सांगितला की बायको म्हणाली, "आता त्या पोराचं काहीतरी करा एकदाचं."

दुसरी पायरी: प्रश्न कोणाचा, हे स्वतःला विचारा

ही पायरी लहान आहे. काही खटके शिक्षकांचे असतात ('मुलं ऐकत नाहीत'), काही सरकारचे ('योजनेचा लाभ पोचतो का?'), काही आपले स्वतःच्या शाळकरी दिवसांतले. तिन्हींवर पीएच.डी. होते. मात्र सरकारचा प्रश्न घेतलात, तर योजना मधेच बदलेल ही तयारी ठेवा. आरटीईच्या २५ टक्क्यांचंच बघा. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्याने नियम बदलून सरकारी वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना सूट दिली, आणि जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. त्या पाच महिन्यांत ज्याने प्रश्नावली छापून घेतली असेल त्याची रद्दी झाली असणार. याउलट ज्याचा प्रश्न 'पालक शाळा कशी निवडतात' असा होता, त्याला त्या पाच महिन्यांत सोन्यासारखी सामग्री मिळाली.

तिसरी पायरी: वाचन, पण उलट्या बाजूने

बहुतेक जण शोधगंगा (प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) उघडतात, आपल्या विषयाचे शब्द टाकतात, दहा प्रबंध उतरवतात आणि दुसरं प्रकरण, म्हणजे आधीच्या संशोधनाचा आढावा, लिहायला घेतात. त्याआधी तीन गोष्टी लक्षात घ्या.

शोधगंगेवर मराठी प्रबंध शोधणं हे वेगळंच कसब आहे. एकाच प्रबंधाचं शीर्षक कुठे देवनागरीत, कुठे इंग्रजी भाषांतरात, तर कुठे रोमन लिपीत मनाला येईल तसं नोंदवलेलं असतं. 'संपादणूक', 'संपादन', 'अचिव्हमेंट' हे तिन्ही टाकून बघा. जुने मराठी प्रबंध युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेले किंवा नुसते स्कॅन केलेले असतात. त्यांच्या आत शब्द शोधताच येत नाही. म्हणून विद्यापीठ, विभाग, वर्ष अशा क्रमाने उघडून अनुक्रमणिका डोळ्यांनी वाचावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण दोन दिवसांत आपल्या विभागातल्या वीस वर्षांच्या शीर्षकांची यादी हाती येते आणि लोक कुठे गर्दी करून उभे आहेत ते दिसतं. शोधगंगेच्या आधीचं जग बघायचं तर म. ब. बुच यांनी संपादित केलेलं शिक्षण संशोधनाचं सर्वेक्षण आहे. त्याचा पहिला खंड १९७४चा. रामदासपेठेतल्या विद्यापीठ ग्रंथालयात अशा खंडांसाठी एक अख्खी दुपार काढून जा. संगणकावर ते घाईत निसटतात.

दुसरं, आपला प्रश्न दुसऱ्या भाषेत कोणाला पडला आहे का ते बघा. संख्यांचं म्हणाल तर इथेच माझे डोळे उघडले. जर्मन भाषेतही एकवीस म्हणताना एक आधी येतो आणि वीस नंतर, म्हणून ऐकून संख्या लिहिताना अंकांची अदलाबदल करणाऱ्या जर्मन मुलांवर भरपूर अभ्यास झाले आहेत. चिनी संख्यानामं 'दोन-दहा-तीन' अशी सरळ असल्यामुळे मुलांना दशक-एकक लवकर उमगतं का, यावर तर किती वर्षं वाद चालू आहे. मराठी या दोन्हींपेक्षा अवघड आहे. 'तेवीस'मध्ये ते आधी आणि वीस नंतर. 'एकोणसाठ'मध्ये साठ ऐकू येतं, पण लिहायचे असतात पन्नासातले नऊ. एकोणऐंशी, एकोणनव्वद अशी वजाबाकी करत आलो, की नव्व्याण्णवपाशी भाषा एकदम नियम मोडते. पाटीवर २५ लिहिणारं पोट्टं एकटं नव्हतं.

तिसरं, आपल्याकडे यावर आधी काय घडलं आहे? २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस तीन', 'साठ दोन' अशी संख्यावाचनाची पद्धत दिली आणि त्या जूनमध्ये राज्यभर गदारोळ उठला. विधानसभेत कोट्या झाल्या. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर जोडाक्षरांचा आणि उलट्या क्रमाचा मुलांना होणारा त्रास सांगत राहिल्या. भाषा बुडाली असं म्हणणारे एका बाजूला, गणित सोपं झालं असं म्हणणारे दुसऱ्या बाजूला. मुलं ऐकून नेमकं काय लिहितात, याची मोजणी त्या गदारोळात मला कुठे दिसली नाही. दोन्ही बाजू मोठमोठ्याने बोलत आहेत आणि मधली साधी गोष्ट कोणी पाहिलेली नाही, असं दिसलं की तिथे प्रबंधाला जागा आहे असं समजा.

मोठ्या सर्वेक्षणांकडेही याच नजरेने बघा. 'असर' २००५पासून चालू आहे, पण ते ग्रामीण भागातल्या घरांत जाऊन होतं, म्हणजे नागपूर शहर त्यात येतच नाही. शिवाय 'असर'च्या चाचणीत मूल छापलेला अंक बघून त्याचं नाव सांगतं. आमच्या बाईंची तक्रार याच्या उलट दिशेची होती: ऐकून लिहिणं. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण २०२१मध्ये तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीचं झालं. डिसेंबर २०२४चं 'परख' सर्वेक्षण तिसरी, सहावी, नववीचं. दुसरी दोन्हींत नाही. 'निपुण भारत' या पायाभूत वाचन-गणिताच्या सरकारी योजनेच्या लक्ष्यांत मात्र पहिलीच्या शेवटी ९९पर्यंत आणि दुसरीच्या शेवटी ९९९पर्यंत संख्या लिहिता-वाचता येणं अपेक्षित आहे. ध्येय आहे, पण त्या वयातल्या त्या कौशल्याची मोजपट्टी हाताशी नाही. ही फट सापडायला मला तीन आठवडे लागले, आणि आराखड्यातल्या 'संशोधनाची गरज' या मथळ्याखाली पुढे तीच चार ओळींत आली.

चौथी पायरी: पेन्सिल बघा

इथे जास्तीत जास्त वेळ द्या. विद्यार्थी नेमकी हीच पायरी गाळतात, कारण विद्यापीठाच्या कुठल्याही फॉर्मवर तिचा रकाना नाही.

प्रश्न कागदावर पक्का करण्याआधी दहा-बारा मुलांसोबत बसा. आकडेवारीसाठी नव्हे, नुसतं बघायला. मी वीस संख्यांची यादी केली, एका ओळखीच्या मुख्याध्यापकांची आणि पालकांची परवानगी घेतली आणि दुसरीतल्या मुलांना एकेक करून व्हरांड्यात बसवून संख्या सांगितल्या. पहिल्या दिवशी उत्तरं तपासली: चूक, बरोबर, चूक. हाती काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी एका मुलीने ५२ अगदी बरोबर लिहिलं, पण आधी उजवीकडे २ काढला, डावीकडे थोडी जागा सोडली होती, मग त्यात ५ बसवला. ती ऐकल्या क्रमानेच लिहीत होती. फक्त जागा राखून ठेवण्याची युक्ती तिला सापडली होती. शेजारच्या मुलाला ती सापडली नव्हती, त्याने २ काढला आणि पुढे ५. म्हणून २५.

उत्तरपत्रिकेत पहिलीला गुण आणि दुसऱ्याला फुली. पेन्सिलीकडे पाहिलं तर दोघं एकच काम करत होती.

त्या दुपारी माझा प्रश्न बदलला. 'चुका किती?' हे मागे पडलं आणि 'मुलं ऐकलेली संख्या कोणत्या क्रमाने लिहितात, आणि त्यातून बरोबर उत्तराकडे कशी पोचतात?' हे पुढे आलं. असला प्रश्न ग्रंथालयात बसून सुचत नाही. तुमचा विषय शिक्षक-प्रशिक्षण असेल तर केंद्रातल्या शिक्षण परिषदेला मागच्या खुर्चीवर बसा. शालेय व्यवस्थापन समिती असेल तर एक बैठक सुरू होण्याआधीची पंधरा मिनिटं आणि संपल्यानंतरची पंधरा मिनिटं बघा, कारण इतिवृत्तात फक्त मधलं येतं. पोषण आहार असेल तर खिचडी शिजवणाऱ्या ताईंच्या शेजारी बसा.

एक सूचना अगदी गंभीरपणे. ही चाचपणी असली तरी मुलं ही मुलं आहेत. नाव, आधार, सरल क्रमांक यातलं काही वहीत घेऊ नका. 'मूल क, मुलगी, ७ वर्षं' पुरे. मुलाने "नको" म्हटलं तर तिथेच थांबा, मग बाई कितीही म्हणोत, "बस रे, सर काही मारत नाही." पुढे खरं क्षेत्रकाम करताना जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी प्राथमिकच्या शिक्षणाधिकाऱ्यांची आणि महापालिकेच्या शाळांसाठी तिथल्या शिक्षण विभागाची स्वतंत्र परवानगी लागेल. अर्ज दोन प्रतींत द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं धरलं जातं.

पाचवी पायरी: आपल्या प्रश्नाला शत्रू शोधा

'बावन्न ऐकून २५, कारण मराठी' हे उत्तर मला फार आवडलं होतं. आवडतं उत्तर धोक्याचं असतं. म्हणून मी कागदाच्या उजव्या बाजूला दुसरी कारणं लिहिली. मुलाला दशक-एकक मुळातच कळलेलं नसेल. शिकवताना फक्त पाढेच घोकून घेतले असतील. मूल अक्षरंही उलटी काढत असेल. किंवा घरची भाषा वेगळी असेल.

मग प्रत्येकासाठी विचारलं: हे खरं असेल तर मला वर्गात काय दिसेल? दशक-एककच कच्चं असेल तर 'एकशे पाच'चे १००५ लिहिणारी मुलंही दिसतील. ती चूक जगभरची मुलं करतात, तिचा मराठीशी संबंध नाही. भाषेचाच दोष असेल तर १००५ न लिहिणारं मूलही २५ लिहील. अक्षरंच उलटी होत असतील तर फळ्यावरचा ५२ बघून उतरवतानाही २५ येईल. अशी दोन-तीन तपासणीची उदाहरणं चाचणीत आधीच पेरली की परिकल्पना आपोआप लिहिल्या जातात. 'सार्थक फरक नाही' छापाची शून्य परिकल्पना तुम्हाला लिहावी लागेलच, समितीला ती हवी असते. तिच्या मागे कोणतं खरं भांडण उभं आहे हे तुम्हाला ठाऊक असलं म्हणजे झालं.

घरच्या भाषेचा मुद्दा नागपुरात टाळताच येत नाही. आपल्या शहरात मराठी मुलगाही किराणा दुकानात 'उनसठ' ऐकतो, शाळेत 'एकोणसाठ', आणि मोबाइलवर 'फिफ्टी नाईन'. ८९ला मराठीत एकोणनव्वद, हिंदीत नवासी. जे मूल 'नवासी' ऐकत वाढलं त्याला एकोणनव्वदमधला नव्वद कसा ऐकू येत असेल? मोमिनपुऱ्यातली उर्दू माध्यमाची शाळा, महालातली मराठी, जरीपटक्यातली हिंदी, रामटेकच्या पुढे देवलापारकडे घरी गोंडी बोलणारी मुलं, हे सगळं एका दिवसाच्या टप्प्यात आहे. पण इथेच पाय घसरतो. पहिल्या उत्साहात मी मराठी आणि उर्दू माध्यमांची तुलना योजली होती. मार्गदर्शकांनी एकच विचारलं, "उर्दूत कोणता अंक आधी येतो?" उर्दूतही एककच आधी येतो. म्हणजे ज्या कारणाचा मला संशय होता ते दोन्ही गटांत सारखंच, आणि तुलनेतून त्याबद्दल काहीच कळलं नसतं. इंग्रजीत वीसनंतर दशक आधी येतं, म्हणून खरी तुलना इंग्रजीतून संख्या शिकलेल्या मुलांशी. तिथे मग घरच्या उत्पन्नाचा फरक आडवा येतो. शेवटी मी एकाच मुलाला दोन भाषांत संख्या सांगायच्या असं ठरवलं: मूल तेच, घर तेच, फक्त भाषा वेगळी.

सहावी पायरी: नमुना, आणि 'सहाशे विद्यार्थी' नावाचा भ्रम

शिक्षणशास्त्राच्या आराखड्यांत '६०० विद्यार्थी' हा आकडा फार लाडका आहे. क्रेजसी-मॉर्गनच्या १९७०च्या तक्त्यात (१,००० लोकसंख्येला २७८) मागितलेल्यापेक्षा तो मोठाच, म्हणून समिती मान डोलावते. पण तो तक्ता एकेक व्यक्ती स्वतंत्र चिठ्ठीने निवडली असं धरून चालतो. आपण निवडतो शाळा, आणि एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात: बाई त्याच, वस्ती तीच, पुस्तक तेच.

हिशोब सोपा आहे. समजा २० शाळांतली प्रत्येकी ३० मुलं घेतली आणि वर्गांतर्गत साम्याचा गुणांक ०.२ धरला. तर १ + (३० − १) × ०.२ = ६.८. तुमच्या ६०० मुलांची माहिती ६०० ÷ ६.८, म्हणजे जेमतेम ८८ स्वतंत्र मुलांएवढी. म्हणून मुलं कमी आणि शाळा जास्त घ्या. ६० शाळांतली प्रत्येकी १० मुलं घेतली तर तोच गुणक २.८वर येतो आणि ६०० मुलं २१४ची होतात. पेट्रोल जास्त जाईल, पण सिनॉप्सिसमध्ये ही चार वाक्यं लिहिलीत तर सांख्यिकीचे तज्ज्ञ तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलतील. शाळांची यादी यूडायस प्लस या सरकारी संकेतस्थळावरून मिळते. माध्यम, व्यवस्थापन आणि पटसंख्या तिथे दिसते. प्रत्यक्ष पट वेगळा निघू शकतो, तेव्हा दहा शाळा राखीव ठेवा.

तुमचा प्रश्न गुणात्मक असेल तर हा परिच्छेद सोडून द्या. पण मग 'चार शाळा घेतल्या कारण ओळखीच्या होत्या' हे तरी प्रामाणिकपणे लिहा.

सातवी पायरी: गाईड आणि समित्या

मार्गदर्शक निवडताना त्यांच्याकडे जागा आहे का हे आधी बघावं लागतं. यूजीसीच्या नियमाने प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगीकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच विद्यार्थी असू शकतात. जागा आहे म्हणून मिळालेले गाईड आणि तुमची आवड यांचं जुळेलच असं नाही. न जुळल्यास भांडू नका, त्यांच्या विषयाच्या बाजूने आपला प्रश्न सांगून बघा. गाईड शिक्षक-शिक्षणातले असतील तर 'शिक्षक ही चूक कशी समजून घेतात?' हाही माझ्या २५चाच प्रश्न आहे.

पहिल्या भेटीला एकच पान न्या. वर खटकवहीतली घटना जशीच्या तशी, चार ओळी. मग प्रश्न, एका वाक्यात. मग माझं आवडतं उत्तर आणि त्याचे दोन शत्रू. शेवटी, काय दिसलं तर मी चुकलो असं मानेन. हे शेवटचं वाक्य लिहिता येत नसेल तर प्रश्न अजून कच्चा आहे, चौथ्या पायरीवर परत जा. पंधरा पानी प्रस्तावना नेलीत तर ती टेबलावर राहील. एक पान मात्र गाईड उभ्या उभ्या वाचतात.

संशोधन व मान्यता समितीपुढे शीर्षक जड करावं लागतं, याचा राग मानू नका. 'बावन्न ऐकून २५ का?' असं लिहिलं तर कोणीतरी हसेल. 'इयत्ता दुसरीतील मराठी भाषक विद्यार्थ्यांच्या श्रुत संख्यालेखनातील क्रम व त्रुटींचा अभ्यास' असं लिहा, चालतं. मात्र 'तुलनात्मक', 'परिणामकारकता', 'सहसंबंध' हे शब्द सवयीने घालू नका; प्रत्येक शब्द नंतर एक प्रकरण मागतो. जिल्ह्याच्या नावाचंही तसंच. 'नागपूर जिल्ह्यातील' लिहिलंत की सर्व तालुक्यांबद्दल तुम्ही बोलणार असं धरलं जातं, आणि भिवापूरला एकदाही न गेलेला माणूस व्हायवात घामाघूम होतो.

उसनवारीबद्दल दोन वाक्यं: २०१८च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे टप्प्याटप्प्याने आहे आणि साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. स्वतः पेन्सिल पाहिलेल्या माणसाला या आकड्यांची भीती सहसा वाटत नाही, त्याच्याकडे लिहायला स्वतःचं असतं.

बाकीच्या खुणांचं काय करायचं?

खटकवहीत एकाहून जास्त खुणा असणार. एक निवडली म्हणजे बाकीच्या मेल्या असं नाही. माझी एक इतिहासातली होती आणि ती अजून जिवंत आहे. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, त्यातून नई तालीम ही गांधीजींची शिक्षणपद्धती आली. त्याच सुमारास मध्य प्रांतात रविशंकर शुक्ल यांनी विद्यामंदिर योजना आणली, आणि त्या नावावरूनच केवढं रान उठलं. सेवाग्राम आपल्यापासून पाऊणशे किलोमीटरवर. नागपुरातच जाईबाई चौधरींनी दलित मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली होती. या मातीत शिक्षणाच्या इतिहासाचे डझनभर प्रबंध पडून आहेत, आणि आपण अभिवृत्ती मापिका वाटत फिरतो. ज्यांना जुन्या दप्तरात बसायला आवडतं त्यांनी चौथ्या पायरीत मुलांऐवजी कागदांसोबत बसावं. बाकी पायऱ्या त्याच.

शेवटचं: नागपूरचं कॅलेंडर

प्रश्न कितीही चांगला असला तरी तो शाळेच्या दिवसांत बसावा लागतो. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. पहिले दिवस पुस्तकवाटपात आणि पट जुळवण्यात जातात. जुलैचा मध्य ते सप्टेंबर हा सर्वांत सलग काळ, पण पोळ्याचे आणि गणपतीचे दिवस वजा करा. ऑक्टोबरपासून सत्र परीक्षा, मग दिवाळी. डिसेंबरात अधिवेशन असलं की शहरातले रस्ते आणि शिक्षक दोन्ही अडकलेले असतात; ग्रामीण शाळा त्या काळात करून घ्या. निवडणूक लागली तर शिक्षक यादीच्या कामाला जातात, त्याला इलाज नाही. जानेवारीत स्नेहसंमेलन, मार्चमध्ये सकाळच्या शाळेची चाहूल, आणि एप्रिलमध्ये साडेदहानंतर व्हरांड्यात बसलेलं मूल संख्या नाही, पाणी मागतं.

दुसरीतल्या मुलांसाठी आणखी एक अडचण आहे. जुलैतलं मूल आणि फेब्रुवारीतलं मूल ही दोन वेगळी मुलं असतात. सात महिन्यांत डावीकडे जागा राखायची युक्ती बऱ्याच जणांना आपली आपण सापडते. म्हणून सर्व शाळा एकाच सहा आठवड्यांत उरकाव्या लागतील, की तीच मुलं दोनदा बघावी लागतील, हे आराखड्यातच ठरवा. मी दोनदा बघायचं ठरवलं. तेव्हा पहिल्या फेरीत प्रत्येक मुलाचं पान तारीख टाकून वेगळ्या पाकिटात ठेवा आणि पाकिटावर शाळेचा संकेतांक शिसपेन्सिलीने नव्हे, शाईने लिहा. पावसाळ्यात हिंगण्याहून दुचाकीवर येताना माझी अकरा पाकिटं भिजली होती.